इंदूआत्या आणि हॉलची फरशी

इंदूआत्या माणसाला पायांपासून वर ओळखत जायच्या. दारात कुणी आलं की आपण आधी चेहऱ्याकडे बघतो. आत्यांची नजर आधी टाचांवर जायची, मग साडीच्या काठावर नाहीतर पँटच्या दुमडीवर, आणि ती चेहऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या माणसाबद्दलचं त्यांचं मत तयार झालेलं असायचं. ते चुकायचंही. एकदा गल्लीत एक विमा एजंट आला. त्याचे बूट फार चकचकीत होते म्हणून आत्यांनी त्याला तिथल्या तिथे लबाड ठरवलं. पुढे तोच माणूस गल्लीतल्या प्रत्येक सुखदुःखाला धावून येऊ लागला, तरी आत्यांनी आपली चूक काही मान्य केली नाही. "बूट काय उगंच चमकत्यात व्हय," एवढं म्हणून त्या विषय बदलायच्या.

या सवयीला कारण होतं. आत्या नुकत्या चालायला लागल्या होत्या तेव्हा त्यांना ताप आला आणि दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. पोलिओ. तेव्हापासून त्यांचं सगळं आयुष्य जमिनीवरच गेलं. सतरंजीचा जाड घडी करून शिवलेला एक तुकडा बुडाखाली, दोन्ही तळवे जमिनीला टेकवलेले, खांद्यांनी जोर दिला की अंग पुढे सरकायचं. शिरूरच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत त्या अशा फिरायच्या की पायांनी चालणाऱ्या माणसालाच वाट द्यावी लागायची. गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या, झोपेतच, कुणाला त्रास न देता. लोक अजून हळहळतात, की बिचारीचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलं. "बिचारी" हा शब्द आत्यांनी ऐकला असता तर त्या माणसाची काही खैर नव्हती.

त्या माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या, सख्ख्या आत्या. नितीनचे आईवडील तो लहान असतानाच गेले आणि त्याला आत्यांनीच वाढवलं. मी दौंडची. लग्न होऊन घरी आले तेव्हा सगळ्यांच्या पाया पडत पडत आत्यांपर्यंत पोहोचले. वाकले, तर त्यांचे पाय साडीच्या घडीखाली कुठे आहेत तेच कळेना. मी चाचपडत असताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ खाली ओढून बसवलं.

"बस बाय. उभ्या माणसाशी बोलून माझी मान दुखती," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "कंपनीत जाणार का सोडणार?"

जाणार, म्हटलं मी.

"मग पोर झालं की माझ्याकडं टाकायचं. आत्ताच सांगून ठिवते."

नवी नवरी म्हणून मी जी लाज जमवून आणली होती ती तिथेच सांडली. फोटोवाला मात्र रागावला, कारण नवरी शालूसकट जमिनीवर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. असा माणूस घरातही कुणाला सुखाने जगू देत नाही, असं नितीनचं म्हणणं आहे. आत्यांमध्ये चुका शोधायला मला फारसं लांब जावं लागलं नाही. त्या हट्टी होत्या, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग आपल्याच मनाचं करायच्या, आणि चहात साखर इतकी घालायच्या की चमचा उभा राहावा. पण त्यांचं पाळणाघर बघितलं की माझी तपासणी बंद पडायची.

हे पाळणाघर त्यांनी कधी ठरवून काढलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बायका कंपन्यांमध्ये कामाला जाऊ लागल्या, शिफ्टची गाडी पहाटे नाक्यावर यायची, आणि रांगती पोरं कुठे ठेवायची हा प्रश्न प्रत्येकीला होता. एकीने आत्यांकडे ठेवलं, तिचं बघून दुसरीने. आत्या पोरांना कधी कडेवर घ्यायच्या नाहीत, घेताच येत नसे. आई पोराला दारात खाली सोडायची आणि आत्या त्याच्या शेजारून निघायच्या. "मी आन् रांगतं पोर, आमची उंची एकच," त्या म्हणायच्या. "तुम्ही वरनं बघता, तुम्हाला पोर पडल्यावर कळतं. मला ते पडायच्या आधी कळतं." माझा मुलगा त्यांच्याकडेच वाढला. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा पहिला शब्द "आत्ता" होता, आणि मला त्याचा किती राग आला ते मी नितीनलाही सांगितलं नव्हतं.

जुन्या घराला शहाबादी फरशी होती. ओबडधोबड, काळपट, पण आत्यांच्या हाताला सवयीची. पुढे नितीनने त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलं. मोठा हॉल, स्वयंपाकघर, आत दोन खोल्या, आणि पोरांच्या अंघोळीसाठी, आत्यांच्या हट्टाखातर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बसकी मोरी. हॉलला त्याने मोठ्या हौसेने पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. ट्यूबलाईट लावली की ती खालीही दिसायची. वास्तूला आलेल्या प्रत्येकाने फरशीचं कौतुक केलं. आत्यांनी तळवा फिरवून बघितला आणि काहीच बोलल्या नाहीत. नितीनचं तोंड आनंदाने फुललेलं होतं, आणि त्याची हौस त्यांना मोडवेना.

त्या टाइल्सवर त्यांचे हात ठरत नव्हते. जोर द्यावा तर तळवा सटकायचा, थांबावं तर अंग पुढे जायचं. आम्ही फोमच्या चटया आणून टाकल्या, तर पोरांनी त्यांचे जोड सोडवून ते चावून खाल्ले. शेवटी जे व्हायचं ते झालं. एका पोराने पेला सांडला, आत्या त्याच्याकडे घाईने निघाल्या, ओल्या टाइलवर हात निसटला आणि त्या कुशीवर आदळल्या. मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, आता या वयात जमिनीवर फिरणं पुरे, व्हीलचेअर घ्या. नितीनने त्याच संध्याकाळी ती आणली.

आत्या त्या खुर्चीत बसल्या आणि प्रथमच आमच्या उंचीच्या जवळ आल्या. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "पोरांच्या डोक्यावरचे भोवरे तेवढे दिसत्यात हितनं," त्या म्हणाल्या. "तोंडं कुठं गेली?" पोरांनाही कळेना. ती येऊन चाकाला धरून उभी राहायची आणि वर बघून रडायची. नितीन म्हणाला, आत्या, तू आमच्यासाठी खूप केलंस, आता पाळणाघर बंद कर आणि आराम कर. तो प्रेमानेच म्हणत होता. आत्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून आत गेला. रात्री जेवताना त्या मला म्हणाल्या, "आराम म्हंजी काय गं? भितीकडं बघत बसायचं आन् कोण आत येतंय त्याची वाट बघायची, त्योच ना?"

तर असं होतं सगळं. पायाखालची फरशी बदलली तर आत्या जमिनीवर राहणार होत्या आणि पाळणाघरही चालणार होतं. नाहीतर दोन्ही संपणार होतं. टाइल्स फोडायच्या म्हटलं की नितीनचा जीव खाली-वर व्हायचा. मग मला आमच्या दौंडच्या सलीमभाईंची आठवण झाली. माझ्या वडिलांचे ते जुने दोस्त, आणि त्यांचं फ्लोअरिंगचं दुकान आहे. फोनवर ते म्हणाले, टाइल्स फोडायची गरज नाही, त्यांच्यावरच पट्ट्या बसवता येतात. दोन प्रकार आहेत, लॅमिनेट आणि व्हिनाईल. दिसायला दोन्ही लाकडासारखे. पण ज्यांना वापरायचंय त्यांना घेऊन या, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघालो. आत्या पुढच्या सीटवर. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, आमचा अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास आत्यांना फार आवडला. काच खाली करून त्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याची गाव, घर आणि सासुरवाडी अशी सगळी चौकशी करून घेतली.

दुकानात सलीमभाईंनी अदबीने खुर्ची पुढे केली. आत्यांनी ती बाजूला सारली आणि दारातच खाली उतरल्या. दुकानाच्या जमिनीवर नमुन्यासाठी दोन्ही प्रकारच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या. आत्यांनी सतरंजीचा तुकडा बुडाखाली घेतला आणि आधी लॅमिनेटवर गेल्या. एकच जोर दिला आणि थेट काउंटरपर्यंत सरकल्या. हात निसटला नाही, तोल गेला नाही. तिथून वळून परत आल्या, पुन्हा गेल्या. इतर गिऱ्हाइकं बघायला लागली होती. मग त्या व्हिनाईलवर आल्या. ते हाताला किंचित मऊ, रबरासारखं. तिथे सतरंजी धरून बसली, दरवेळी अंग उचलून टाकावं लागलं. त्यांनी नाक मुरडलं.

सलीमभाई त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. "मावशी, एक सांगतो. हे लॅमिनेट वरनं लाकूड दिसतं, पण आत दाबलेला भुसा हाय. पुसलं तर चालतं. पाणी साचलं तर फुगतं. तुमच्याकडं बारकी पोरं. तुम्ही व्हिनाईल घ्या, त्याला पाण्याचं काय वाटत न्हाई."

"पाणी साचूच द्यायचं न्हाई. पुसायला मी हाय की."

"पोरं पुसायची वाट बघतील व्हय मावशी?"

आत्यांनी दोन्ही पट्ट्यांकडे एकवार बघितलं. मग त्या लॅमिनेटच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाल्या, "सलीमभाई, उभा जलम खडबडीत फरशीवर हात घासलेत मी. आता एकदा पळू द्या की मला."

 नितीन दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. आत्यांनी आजवर त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं त्याला आठवत नव्हतं, असं तो मला नंतर म्हणाला. लॅमिनेट ठरलं. निघताना सलीमभाईंनी व्हिनाईलची एक सुटी पट्टी गाडीत टाकली. राहू द्या, पोरं खेळतील, म्हणाले.

पुढचे काही महिने आत्या खरोखर पळाल्या. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या झपकन जायच्या, पोरं ओरडत मागे. लॅमिनेटखाली हवा राहते म्हणून त्यावर जरा पोकळ आवाज येतो. तो सगळ्या घरभर ऐकू यायचा आणि मला आतल्या खोलीत बसून कळायचं की आत्या आता कुठे आहेत आणि रागात आहेत की खुशीत. पोरांनी काही सांडलं की त्या लगेच फडकं फिरवायच्या, शब्दाला जागल्या. नितीनने व्हीलचेअर घडी घालून माळ्यावर टाकली. संगीता नावाची एक मुलगी आमच्या गल्लीत नवी आली होती, माहेर न्हावऱ्याचं, नवरा दुधाच्या टेम्पोवर. तिची वेदिका तेव्हा नुकती बसायला लागली होती. आत्यांच्या मागे मागे करत ती त्या फरशीवर रांगायला शिकली. आत्यांनी तिला दिलेलं नाव "माझी स्टेपनी".

मग एप्रिल आला. आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी घरं रंगतात, गल्लीभर निळ्या पताका लागतात, आणि प्रत्येक घर आतून धुऊन निघतं. धुणं म्हणजे पुसणं नव्हे. बादल्या ओतायच्या, खराट्याने घासायचं आणि ते पाणी दारातून गल्लीत सोडायचं. ज्याच्या दारातून पाणी बाहेर आलं नाही त्याला शेजारी विचारतात, काय हो, बरं आहे ना. आमच्या घरी हा कारभार कायम आत्यांचा. मी आणि नितीन कामावर होतो. पाळणाघरातल्या पोरांच्या आया सुट्टी बघून मदतीला आल्या, आत्या खराटा घेऊन हॉलच्या मधोमध बसल्या आणि त्यांनी हुकूम सोडले. मी घरी आले तेव्हा गल्लीत आमच्या दारातून पाण्याचा ओघळ वाहत होता, पोरं त्यात नाचत होती, आणि आत्या नखशिखांत भिजून अशा खूश होत्या की मीही चपला काढून त्या पाण्यात उतरले.

सलीमभाईंचं बोलणं त्या विसरल्या नव्हत्या, हे मला पुढे कळलं. ते म्हणाले होते की पाणी साचलं तर फुगतं. आत्यांनी साचूच दिलं नव्हतं, ओतलं तसं खराट्याने बाहेर काढलं होतं. त्यांच्या हिशेबात त्या अगदी बरोबर होत्या. पट्ट्यांच्या जोडांतून पाणी आत उतरत असेल हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण जमीन धुतली की स्वच्छ होते यापलीकडे तिचं काही होऊ शकतं हे त्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

दोन-चार दिवसांत जोड वर आले. पट्ट्यांच्या कडा उन्हात टाकलेल्या पापडासारख्या वळल्या, वरचा पापुद्रा सुटला आणि खालचा भुसा दिसायला लागला. आत्यांच्या तळव्याला त्या कडा लागायच्या. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या तशाच रेटत राहिल्या असत्या. पण एका दुपारी वेदिका त्यांच्यामागे जोरात रांगत आली आणि तिचा गुडघा एका उठलेल्या कडेवर सोलून निघाला. जखम मोठी नव्हती, पण रक्त आलं.

संध्याकाळी संगीताने पोरीचा गुडघा बघितला. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं. तिने काही बोलावं म्हणून आत्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सकाळी कळलं की संगीता पोरीला न्हावऱ्याला आईकडे सोडून आली. त्या दिवशी बाकीच्या आया दारात आल्या तेव्हा आत्यांनी त्यांना सांगितलं की आजपासून पोरं ठेवायची बंद. मग नितीनला हाक मारली आणि म्हणाल्या, "माळ्यावरची खुर्ची काढ."

नितीनला हेच तर हवं होतं, असं वाटेल. त्याने खुर्ची काढली, पुसली, आत्यांना तिच्यात बसवलं, आणि मागच्या दारी जाऊन लहान मुलासारखा रडला. मी त्याला समजावायला गेले आणि मलाच आवरेना.

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली तिची मला अजून भीती वाटते. आत्या टीव्हीसमोर बसायच्या, पण बघायच्या नाहीत. तिकडे गल्लीत एकीने पोरासाठी रात्रपाळी मागून घेतली, दुसरीने काम सोडलं. मी म्हटलं, आत्या, ते व्हिनाईल बसवून घेऊ. त्यांनी मान हलवली. "एकदा माझ्या मनासारखं केलं तुम्ही. मी त्याच्यावर पाणी ओतलं. आता परत न्हाई." मी आणखी बोलायला लागले तर म्हणाल्या, "पोरीचं रगत आलं प्रज्ञा. माझं आलं असतं तर मी ऐकलं असतं तुझं." यापुढे मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. अंघोळीला त्या खुर्चीतून स्वतः उतरायच्या आणि मोरीत जाऊन बसायच्या, कुणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. एका रविवारी मी शेजारी भांडी घासत होते. आत्या अंघोळ उरकून, पातळ गुंडाळून, तिथेच बसून राहिल्या होत्या. बराच वेळ झाला तरी हालेनात. मग म्हणाल्या, "प्रज्ञा, हितं ये. ही फळी कुठली गं?"

त्या ज्या फळीवर बसल्या होत्या ती मी बाहेर ओढली आणि उलटी केली. खाली दौंडच्या दुकानाचा कागद चिकटलेला होता, अर्धा फाटलेला. सलीमभाईंनी पोरांना खेळायला दिलेली व्हिनाईलची पट्टी ती हीच. पोरांनी ती कधी मोरीत आणून टाकली असेल, आणि आत्यांनी बसायला बरी म्हणून घेतली असेल. कित्येक महिने त्याच पट्टीवर बसून त्या पोरांना न्हाऊ घालत होत्या. गरम पाणी, साबण, पोरांचं शी-शू, सगळं तिच्यावरून गेलं होतं. ती फुगली नव्हती, वळली नव्हती, आणि ओल्या मोरीतही आत्या तिच्यावरून कधी घसरल्या नव्हत्या. मी दिवसाला शेकडो नग तपासणारी बाई, पण माझ्या नाकासमोरची ही पट्टी मलाही दिसली नव्हती.

आत्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला. एकदा, पुन्हा, कडेवरून, कोपऱ्यावरून. आणि मग त्या हसायला लागल्या. किती दिवसांनी हसल्या.

"ह्याला नको म्हणलं, आन् ह्याच्यावरच बसून समदी पोरं धुतली की गं मी." डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सलीमभाईंना फोन लाव. त्यांना सांग, मावशी चुकली. तुमचं रबर घेऊन या."

विमा एजंटाच्या बाबतीतही जी बाई हटली नव्हती तिने हे एका दमात कबूल केलं. सलीमभाई मोठ्या मनाचे. ते फोनवर एक शब्दही टोचून बोलले नाहीत, फक्त हॉलची मापं त्यांनी पुन्हा विचारली. त्यांची माणसं आली, फुगलेलं लॅमिनेट उखडून गोणीत भरलं, टाइल्सच्या फटींत पुट्टी भरून जमीन सपाट केली आणि व्हिनाईल चिकटवलं. आमच्याकडे दारातून दुपारचं ऊन थेट आत येतं. उन्हाने पट्ट्या तापून वर येऊ नयेत म्हणून दाराजवळ त्यांनी जास्त काळजी घेतली. सुकेपर्यंत त्यावर जायचं नाही, अशी ताकीद दिली. ती आत्यांनी पाळली, हे मला खरं वाटेना.

आता अडचण सतरंजीची होती. व्हिनाईलवर ती धरून बसायची, हे दौंडलाच दिसलं होतं. आत्यांनी घरातली सगळी कापडं काढली. जीन्सचा तुकडा लावून बघितला, तो जड निघाला. ताडपत्री आवाज करायची. शेवटी माझी एक जुनी नायलॉनची साडी त्यांनी न विचारता फाडली आणि घडीच्या खालून तिचा पट्टा शिवला. ते जमलं. अंग सरकायचं, पण लॅमिनेटसारखं सुसाट नाही. हात टेकला की थांबायचं.

एवढ्या वर्षांची चाल मात्र बदलावी लागणार होती. कुठे किती जोर द्यायचा, कुठे आवरायचं, सगळं नव्याने. साठी उलटलेली बाई दार लावून हॉलमध्ये एकटी सराव करायची. आम्हाला आत यायला बंदी. बाहेर नितीन पायरीवर बसून कान देऊन असायचा आणि आत काही आपटल्याचा आवाज आला की उठून उभा राहायचा. मी त्याला खाली ओढायचे. आतून आत्यांचा आवाज यायचा, "पडले न्हाई. बसले." मग पुन्हा सरकल्याची सळसळ.

एका संध्याकाळी त्यांनी दार उघडलं आणि मला सांगितलं, की सगळ्या आयांना निरोप दे, उद्यापासून पोरं आणा. संगीतालाही दे. मी म्हटलं, संगीता न्हावऱ्याहून पोरीला आणेल की नाही सांगता येत नाही. आत्या म्हणाल्या, निरोप तर दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आया आल्या. त्यांनी पोरांना दारात सोडलं आणि पोरं हॉलभर पांगली, जणू मधले दिवस झालेच नव्हते. संगीता सगळ्यांच्या शेवटी आली. वेदिका तिच्या कडेवर होती. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि पोरीला खाली सोडेना. तिची नजर फरशीवर फिरत होती, जोडाजोडावरून. कंपनीची गाडी नाक्यावर येऊन थांबल्याचं ऐकू आलं. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या तिच्या पायांपर्यंत आल्या. आणि पहिल्यांदाच मी त्यांना मान उंच करून, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून बोलताना पाहिलं.

"संगीता, मी पहाटेपासनं समदीकडनं फिरून आलेय. पार मोरीपातूर. उघड्या हातानं," त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "कुठं टोचत न्हाई. पर तुझ्या मनाला पटत नसंल तर न्हाई सोडलीस तरी चालंल. मी रुसणार न्हाई."

संगीता ते तळवे बघत राहिली. मग ती हळूच खाली बसली, आपला हात फरशीवर फिरवला, आणि वेदिकाला खाली ठेवलं. पोरगी जरा वेळ तिथेच बसली. तिने पट्टीवर हात आपटून बघितला, एक बोट जोडावरून फिरवलं, आत्यांकडे बघितलं, आणि दोन्ही हात टेकून निघाली. आत्या तिच्या बरोबरीने निघाल्या.

नाक्यावरची गाडी हॉर्न देत होती. संगीता पदर तोंडाशी धरून उंबऱ्यातच बसलेली. दोघी हॉल ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचल्या तेव्हा आत्यांनी मागे वळून तिला सांगितलं,

"जा गं बाय, गाडी जाईल तुझी. आम्ही आता थांबत न्हाई."